कातडीच्या रांगेत उभं राहू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली. मुलगा आठवीत, जन्मापासून अल्बिनिझम (कातडी, केस, डोळे यांत रंगद्रव्य जवळजवळ नसणं), वर्गात 'इंग्रज' म्हणून चिडवतात, पीटीच्या सरांनी 'जरा ऊन लागू दे' म्हणत मैदानात उभा केला, आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या खिडकीवर 'हा रंगाचा प्रश्न आहे, अपंगत्व नाही' असं ऐकवून तुम्हाला परत पाठवलं. हे शेवटचं वाक्य आम्ही जसंच्या तसं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो. लांबेल, सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण अशीच आहे. वडील एसटीत, आज कुठल्या मुक्कामाला असतील याचा नेम नाही, त्यामुळे तिच्या कागदपत्रांची धावपळ माझ्याकडे आली. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा मी सांगतोय ते एकदा ताडून बघा. पण खिडकीपलीकडून काय उत्तरं येतात हे मला चांगलं ठाऊक आहे.

अल्बिनिझम म्हणजे कोड नव्हे, संसर्ग नव्हे, हे सगळं तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देतो.

मुद्दा एकच. प्रमाणपत्र रंगाचं मिळत नाही, नजरेचं मिळतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत अल्बिनिझम हा शब्द शोधून सापडणार नाही. 'अल्पदृष्टी' आहे. तुमच्या मुलाच्या डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यभागाची वाढ अपुरी आहे, बुबुळं स्थिर राहत नाहीत, उजेड सहन होत नाही. चष्म्याने यातलं थोडंच सुधारतं. त्याचा हक्क इथून सुरू होतो. यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) अर्जात प्रकार निवडताना अल्पदृष्टी निवडा आणि अल्बिनिझम हे कारण म्हणून लिहा. उलटं केलंत की आमच्यासारखं होतं.

आमचं काय झालं ते सांगतो. ऑफिसचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, माणसं बदलून गेली असतील. खिडकीवरच्या गृहस्थांनी बहिणीच्या केसांकडे बघितलं आणि फाईलवर न विचारता 'त्वचा विभाग' लिहिलं. त्वचेच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहून दिलं की अल्बिनिझम आहे आणि तो यादीत नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना विचारलंच तेवढं होतं. पण तो कागद फाईलला टाचला गेला आणि नंतर जो कोणी फाईल उघडेल तो आधी तोच वाचायचा. नेत्रविभागात पोचायलाच महिने गेले, आणि तिथे 'अहो, आधीच नाही म्हटलंय की' हे उत्तर तयार.

हट्ट धरल्यावर तपासणी झाली. ती कशी? अक्षरांचा तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो, किंवा आरसा लावून तेवढं अंतर भरून काढायचं असतं. ती खोली एवढीशी. तक्ता दारामागे टांगलेला, आरसा नाही, स्टूल आणि भिंत यांच्यामध्ये धड एक कॉट मावली नसती. एवढ्या जवळून तिने 6/18 ची ओळ (म्हणजे चांगल्या नजरेला 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं) अडखळत वाचली आणि तेच लिहिलं गेलं. आता गणित बघा. चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासकट 6/24 ते 6/60 या टप्प्यात असेल आणि दुसराही तसाच असेल, तर सरकारी कोष्टकाप्रमाणे 40 टक्के, सवलतींसाठी किमान लागतात तेवढे. दोन्ही डोळे 6/18 किंवा त्याहून बरे असतील तर शून्य. तक्त्यावर या दोन ओळी एकीखाली एक असतात. म्हणजे ती खोली चार पावलं लांब असती तर माझी बहीण कायद्याच्या आत होती, नव्हती म्हणून बाहेर.

बरं, 'बसत नाही' हेही तोंडीच. पोर्टलवर अर्ज नामंजूर, कारणाच्या जागी काही नाही. त्याच कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं, पण अपील कशाविरुद्ध करणार? तोंडी नकाराविरुद्ध? लेखी निर्णय मागायला गेलो की साहेब मीटिंगला, साहेब कॅम्पला, साहेब आत्ताच गेले. शेवटी अर्ज आवक-जावक खिडकीवर देऊन पोच घ्यायला लागलो, तेव्हा कुठे कागद हातात आला. मग अपील, मग मोठ्या सरकारी रुग्णालयात फेरतपासणी. तिथे नीट अंतरावर तपासलं आणि अल्पदृष्टी, 40 टक्के, कायमस्वरूपी असं लिहून मिळालं. तोवर तिची दहावी होऊन गेली होती. जादा वेळ नाही, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका नाही. भूमितीच्या पेपरात आकृतीवरची अक्षरं ती कागद नाकाला लावून शोधत होती आणि पर्यवेक्षक दोनदा 'कॉपी करतेस का' म्हणून डोक्यावर येऊन उभे राहिले. याचा राग अजून गेलेला नाही. असो.

तर तुम्ही काय करावं. आधी बाहेर कुठेतरी, शक्यतो लो व्हिजनचा विभाग असलेल्या नेत्ररुग्णालयात, पूर्ण तपासणी करून घ्या. अहवालात चष्म्यासकट दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी, बुबुळांची थरथर, उजेडाचा त्रास आणि 'चष्म्याने पूर्ण सुधारणा शक्य नाही' हे वाक्य हवं. प्रमाणपत्र या अहवालावर मिळत नाही, सरकारी तपासणी वेगळी होतेच, पण समोरच्याला उडवून लावणं अवघड जातं. तपासणीच्या वेळी अंतर विचारायला लाजू नका. 'सर, हे सहा मीटर आहे का' एवढंच, सौम्यपणे. रागावतील. रागावू द्या. आणि नकार मिळालाच तर लेखी घेतल्याशिवाय आवारातून हलू नका. तात्पुरतं प्रमाणपत्र देत असतील तर ते कधी संपतं ते बघा. दहावीच्या आधी संपणारं प्रमाणपत्र म्हणजे पुन्हा तीच खिडकी.

मुलगा आठवीत आहे ही जमेची बाजू. दहावीच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो आणि शाळांना तो दहावीच्या दिवाळीनंतर आठवतो. नववीतच मुख्याध्यापकांना पत्र द्या. काही मुख्याध्यापक 'हुशार आहे की, कशाला हवी सवलत' असं म्हणतात. त्यांना वाटतं ते कौतुक करतायत.

प्रमाणपत्र मिळालंच नाही तरी दार बंद होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सांगितलं की लेखनिक मागायला 40 टक्क्यांची अट घालता येणार नाही. तो खटला हाताने लिहायला त्रास होणाऱ्या उमेदवाराचा होता, अल्बिनिझमचा नव्हे, पण तत्त्व तेच: गरज असेल तर वाजवी सोय करून देणं भाग आहे. पत्रात हा निकाल लिहा. नुसतं नाव वाचून सूर बदललेला मी पाहिलाय. 40 टक्के किंवा त्यावरच्यांसाठी केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ दिला होता, आताच्या सूचना ताडून बघा.

वर्गात: पहिला बाक पुरत नाही, खिडकी पाठीमागे हवी. समोर खिडकी असेल तर पहिल्या बाकावरूनही त्याला फळा दिसणार नाही. फळ्याचा फोटो काढून टॅबवर मोठा करून बघायची परवानगी लेखी मागा. पुस्तक डोळ्याजवळ धरल्याने डोळे बिघडत नाहीत, हे आजीला आणि बाईंना दोघींनाही सांगा. आणि मान तिरकी करून बघत असेल तर 'मान सरळ कर' म्हणू नका. त्या विशिष्ट कोनात बुबुळांची थरथर कमी होते, म्हणून ही मुलं तसं बघतात. माझ्या बहिणीला यावरून पट्टी खावी लागली होती.

पीटीच्या सरांचं. याला मी चिडवण्यापेक्षा गंभीर मानतो. रंगद्रव्य नसलेली कातडी भाजते, आणि वर्षानुवर्षं भाजत राहिली तर कॅन्सरपर्यंत जाते. त्वचेच्या डॉक्टरांकडून 'उन्हात उभं करू नये' असं दोन ओळींचं पत्र आणा (त्वचा विभागाचा खरा उपयोग इथे आहे) आणि शाळेत देऊन पोच घ्या. कवायत सकाळी लवकर किंवा सभागृहात घ्यायला सांगा, खेळातून काढून टाकायला नको. कॅपपेक्षा चौफेर काठाची टोपी घ्या, कॅपमध्ये कान आणि मान उघडी राहते. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा शर्ट. सनस्क्रीन एसपीएफ 30 च्या वरचं, दर दोन तासांनी, ढगाळ असलं तरी. आपल्याकडे ते सौंदर्यप्रसाधनात मोडतं आणि भाव तसेच असतात, यावर मी आमदारांना पत्रही लिहिलं होतं. उत्तर काय आलं विचारू नका.

एक वैद्यकीय गोष्ट, घाबरवायला नाही. मुलाला सहज काळे-निळे डाग पडत असतील, नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर डॉक्टरांना हर्मान्स्की-पुडलाक सिंड्रोमबद्दल विचारा. अल्बिनिझमचा हा विरळा प्रकार असतो, त्यात रक्त लवकर थांबत नाही. दात काढण्याआधी, ऑपरेशनआधी हे माहीत असलेलं बरं.

चिडवण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. मुलांशी बोला, वर्गात एकदा नीट समजावून सांगायला बाईंना सांगा, बहुतेक थांबतं. पण मोठी माणसं बोलत असतील, एसटी स्टँडवर न विचारता फोटो काढत असतील, तर हसून सोडू नका. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. आम्ही तक्रार कधी केली नाही, पण कलम मोठ्याने म्हणून दाखवलंय आणि फोन खिशात गेलाय.

नातेवाईक टांझानिया-मालावीचे व्हिडिओ पाठवतील, तिथे अंधश्रद्धेपायी अशा माणसांवर हल्ले होतात ते. खरं आहे ते, त्यावर लक्ष ठेवायला संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वतंत्र तज्ज्ञाचं पद निर्माण केलं. 13 जूनचा आंतरराष्ट्रीय जागृती दिनही त्याच चळवळीतून आलाय. पण ते व्हिडिओ मुलाला दाखवू नका. आपल्या गावात त्याला जास्त भीती उन्हाची आणि रस्ता ओलांडण्याची आहे. एसटीचे सरकते इलेक्ट्रॉनिक बोर्ड तर बहिणीला आजही वाचता येत नाहीत, जुनी रंगवलेली पाटी तिला बरी दिसायची. कंडक्टरला विचारायची सवय आत्तापासून लावा.

आणि ताई, तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की सासरी 'गरोदरपणी ग्रहण पाळलं नाहीस, केशर जास्त घेतलंस' असं बोलतात. आमच्या आईनेही हे वर्षानुवर्षं ऐकलं. दोन्ही आईबापांकडून एकेक जनुक आल्याशिवाय हा प्रकार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता 25 टक्के. म्हणजे निम्मा वाटा तुमच्या नवऱ्याकडून, पर्यायाने त्यांच्याच घराण्यातून आलाय. आमच्याकडे तर मामाच्या मुलीशी लग्न, दोन्हीकडून एकच आजोबा. हे मी एकदा भर पंगतीत सांगितलं होतं. तुम्ही सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, राहायचं तुम्हाला आहे.

'रंग आणून देतो' म्हणणारे वैदू आणि मलमवाले येतील, त्यांना चहासुद्धा देऊ नका.

लेखी नकार हातात आला की त्यातला मजकूर इथे टाका, नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून. आमच्या अपिलाचा मसुदा आहे माझ्याकडे, तारखा आणि तपशील बदलून वापरता येईल. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करायची वेळ आली तर तेव्हाचं तेव्हा बघू, आधी अपील.