'सही घरचीच होईल' म्हणून मुलीला स्ट्रक्चरल इंजिनिअर करताय?

प्रश्न : मी कल्याणला राहतो. भिवंडीत गोडाऊनच्या शेड उभारायची कामं घेतो. मुलगी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दोन केटी (राहिलेले विषय) आहेत, त्यातली एक स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसची. तिच्या डोक्यात जुन्या बिल्डिंगची दुरुस्ती बसलीय. मी म्हणतो त्यात काय आहे, प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग. उंच गोडाऊनचं डिझाइन शिकली तर आयुष्यभर काम आहे. शिवाय तिला लायसन्स मिळालं की सर्टिफिकेटसाठी बाहेरच्या इंजिनिअरच्या मागे फिरायला नको, सही घरचीच. तिला कसं समजवू?

उत्तर : नमस्कार. केटीचं राहू द्या, केटी निघतात. पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं आणि खरं सांगू, मार्कांपेक्षा मला त्याचीच काळजी वाटली.

स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवरची सही म्हणजे काय, तर मी हे स्वतः तपासलंय आणि ते सुरक्षित आहे, उद्या काही झालं तर मला विचारा. विचारायला पोलीसही येतात. तुम्ही या धंद्यात आहात, फोर्कलिफ्टला आडवं येतं म्हणून कुणीतरी क्रॉस ब्रेसिंग, म्हणजे शेडला ताठ धरणारे तिरके गज, कापून टाकलंय, किंवा चारातले दोनच बोल्ट लावून 'नंतर बघू' म्हटलंय, हे तुम्ही कधी पाहिलंच नाही असं मला सांगू नका. अशा वेळी बाहेरचा इंजिनिअर 'मी सही करत नाही' म्हणून गाडी काढून निघून जाऊ शकतो. तुमची मुलगी कुठे जाणार? ती रात्री तुमच्याच घरी जेवायला येणार. जिला नाही म्हणता येणार नाही तिची सही कामाची नाही, आणि मी तर म्हणेन की निदान पहिली दहा वर्षं तिनं तुमच्या एकाही कामावर सही करू नये. तुम्हाला राग येईल, येऊ दे.

आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी झाली तेव्हाची गोष्ट सांगतो. इमारतीला तीस वर्षं झाली की मुंबईत ऑडिट करावंच लागतं. कन्सल्टंटकडून एक पंचविशीची मुलगी आली होती, शिडीवर चढून कॉलमचा कोपरा छिन्नीनं फोडला आणि त्या ताज्या फोडलेल्या भागावर बाटलीतून फिनॉल्फथॅलिन मारलं. काँक्रीट चांगलं असेल तर ते गुलाबी होतं. आमचं बाहेरून बोटभर रंगलंच नाही, सळईच्या मागे थोडं गुलाबी दिसलं. म्हणजे सळईला सांभाळणारं कव्हर केव्हाच निकामी झालंय आणि आत गंज धरतोय, गंज फुगतो म्हणून पोपडे पडतात, आम्ही मेंबर इतकी वर्षं त्यालाच 'लीकेज' म्हणत होतो! खाली उतरल्यावर सेक्रेटरींनी तिला चहा देऊन हळूच विचारलं, मॅडम, सी-वन लिहिता येईल का? सी-वन म्हणजे रिकामी करा आणि पाडा, सी-टू-बी म्हणजे माणसं आत राहूनच स्ट्रक्चरल दुरुस्ती. रीडेव्हलपमेंट हवी असणाऱ्यांना सी-वन लागतं, जागा सोडायची नसते त्यांना सी-टू-बी लागतं, आणि दोन्ही बाजू आपापला इंजिनिअर शोधतात, दोन रिपोर्ट भांडले की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. ती म्हणाली, टेस्टचे आकडे येतील ते लिहीन. चहा तसाच ठेवून गेली. याला तुम्ही प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग म्हणताय.

आता तुमचा दुसरा समज, की उंच गोडाऊन म्हणजे मोठं इंजिनिअरिंग आणि जुनी बिल्डिंग म्हणजे किरकोळ काम. माल शेडवर नसतो हो, माल फरशीवर असतो. शेड स्वतः हलकी, तिला जास्त भीती वारा उचलून नेईल याची, शटर उघडी राहिली की ती आतूनही फुगते, आणि मुंबईसाठी आपल्या कोडमध्ये वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. फरशीचं गणित वेगळंच. राहत्या खोलीला चौरस मीटरमागे साधारण २०० किलो धरतात, साठवणुकीला दर मीटर उंचीमागे २४० किलो. दहा मीटर माल रचला की झाले २४०० किलो, घराच्या बारा पट, आणि रॅक असतील तर ते सगळं रॅकच्या पायाखालच्या पंजाएवढ्या प्लेटमधून खाली उतरतं. आता हेच गणित जुन्या बिल्डिंगला लावून बघा, कारण भिवंडीत तेच होतं. राहायच्या हिशोबानं बांधलेल्या मजल्यावर कुणीतरी माल भरतो. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यात कोसळली त्या इमारतीत खाली गोदाम होतं आणि वर कुटुंबं राहत होती, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

तेव्हा जुनी बिल्डिंग की गोडाऊन, हे भांडणच मला पटत नाही. काळाघोड्याची जुनी वॉटसन हॉटेलची इमारत तिला दाखवून आणा, बाहेरूनच. १८६० च्या दशकात तिचा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून, जहाजानं आणून इथे जोडला. म्हणजे तुमचंच काम की, फॅक्टरीत बनवा, साइटवर बोल्ट मारा! २०१९ मध्ये तिच्यावरून एक बाजू पाडा म्हणाली, दुसरी म्हणाली दुरुस्त होते.

गेट, एमटेक, व्हीजेटीआय, आयआयटी हे सगळं तिला कॉलेजमध्ये सांगतातच, त्यात मी भर घालत नाही. लायसन्स काही डिग्रीबरोबर हातात मिळत नाही, डिझाइनच्या अनुभवाची वर्षं लागतात, ती तिनं तुमच्या ओळखीच्या नसलेल्या कन्सल्टंटकडे काढावीत, जिथे ऑडिट आणि नवं डिझाइन दोन्ही चालतं. स्टॅड, ईटॅब्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या क्लासला आत्ता पैसे घालू नका. अ‍ॅनालिसिसची केटी आहे, म्हणजे आधी कागदावर बेंडिंग मोमेंट, म्हणजे वजनानं बीम किती वाकायला बघतो ते, काढता यायला हवा, नाहीतर सॉफ्टवेअर चुकीचं उत्तरही रंगीत चित्र काढून देतं आणि ते कळतसुद्धा नाही.

सुट्टीत तिला तुमच्या शेडवर महिनाभर न्या, सहीसाठी नाही, बघायला. ब्रेसिंग कुठे कापलंय ते तिला शोधू द्या आणि सापडलं तर तिच्यावर ओरडू नका. सेफ्टी शूज मात्र आधीच तिच्या मापाचे घेऊन ठेवा, साइटवर सगळे आठ-नऊ नंबरचेच पडलेले असतात.