गोळ्या बंद करून फक्त श्वासावर भागेल का?

प्रश्न : वय ४६. डिप्रेशनच्या गोळ्यांनी आता बरं वाटतंय. त्या थांबवून फक्त श्वासाचे व्यायाम केले तर? पण डोळे मिटून बसलं की छाती दडपते, बोटांना मुंग्या येतात.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : गोळ्या स्वतःहून थांबवू नका. बरं वाटू लागल्यावरही त्या साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात. अचानक सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते, आजारही उलटू शकतो. श्वासाचा सराव ही उपचाराला जोड आहे, आणि चांगली जोड आहे.

मुंग्या येतात त्या बहुधा जोर लावून खोल श्वास घेतल्यामुळे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि उलट गुदमरल्यासारखं वाटतं. श्वास मोठा नको, संथ हवा. खुर्चीत पाठ टेकून बसा, तळपाय जमिनीवर, डोळे अर्धे उघडे. नाकाने ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर. मध्ये रोखू नका. सुरुवातीला ५ मिनिटं पुरे. मन भरकटणारच. ते लक्षात आलं की स्वतःवर न चिडता परत श्वासावर या, सराव म्हणतात तो हाच. तरीही छाती दडपली तर लक्ष तळपायांच्या स्पर्शावर न्या.

नाशिकच्या थंडीत पहाटे गोदाकाठीच बसायला हवं असं नाही. घरी शाल पांघरून बसा. भस्त्रिकेसारखं जलद श्वसन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर लगेच घरच्यांना सांगा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, रात्रीही चालू असतो.