उमेदवारी मागायला निघालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

तू पाठवलेलं परिचयपत्रक दोनदा वाचलं. पहिल्या पानावर ‘लढवय्या युवा नेतृत्व’, ‘तळागाळातला कार्यकर्ता’, ‘जनसेवेचा वसा’ असं सगळं आहे. ही विशेषणं काढली तर पान जवळजवळ कोरं राहतं. शेवटच्या पानावर मात्र, रक्तदान शिबिरांच्या यादीत, एक ओळ दडून बसली आहे: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसल्यामुळे सिझेरियनच्या बायकांना जिल्ह्याला पाठवावं लागतं आणि त्यासाठी तुमचं मंडळ रुग्णवाहिका चालवतं. पत्रक इथून सुरू कर. तू आमदारकीला का उभा राहतोयस, ते याच ओळीत आहे.

कारण खरं आहे का, हे तपासायला एकच प्रश्न पुरतो. हे काम विधानसभेत गेल्याशिवाय होणार नाही का? तू दिलेल्या कामांच्या यादीतली गटारं, पथदिवे, गल्लीतले रस्ते ही ग्रामपंचायतीची किंवा नगरपंचायतीची कामं. प्राथमिक शाळेच्या खोल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. आमदार स्थानिक विकास निधीतून त्यांना हातभार लावू शकतो, पण तो निधी वर्षाला ५ कोटी. राज्यात एका मतदारसंघात सरासरी सव्वातीन लाखांवर मतदार आहेत, म्हणजे माणशी दीडशे रुपये. त्या जोरावर ‘तालुक्याचा कायापालट’ लिहू नकोस. लिहिलंस तर पाच वर्षांनी लोक तोच कागद तुझ्यापुढे धरतील, आणि ते बरोबरच असेल.

ग्रामीण रुग्णालयाची गोष्ट वेगळी. ते राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. तिथलं पद मंजूर करणं आणि भरणं सरपंचाच्याही हातात नाही आणि जिल्हा परिषद सदस्याच्याही. तेव्हा तुझं कारण टिकतं. पण ‘रुग्णालय सुधारणार’ एवढ्यावर थांबू नकोस, नेमकं काय अडलंय ते सांग. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय ५० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय करायचं तर प्रस्ताव जिल्हा शल्यचिकित्सकांकडून वर जातो, आरोग्य विभाग तो तपासतो, नव्या पदांसाठी वित्त विभागाची मान्यता लागते, मग शासन निर्णय निघतो. इमारत सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो. फसतं ते बहुतेक वेळा इथेच. बांधकामाला पैसे मिळतात, फीत कापली जाते, पदनिर्मितीची फाइल मात्र मंत्रालयात पडून राहते. इमारत उभी आणि आत नर्स नाही, असं चित्र महाराष्ट्रात अनेक तालुक्यांनी पाहिलंय. पद मंजूर असूनही रिक्त असणं हा त्याहून वेगळा आजार. त्याला भरती, बदली, कंत्राटी नेमणूक, मानधन असे उपाय वेगळे. तुमच्याकडे यातलं नेमकं काय आहे? पत्रकावरून कळत नाही, आणि उमेदवारीची मुलाखत घेणाऱ्या पक्षाच्या निरीक्षकांनी विचारलं तर तुलाही सांगता यायला हवं.

त्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, उत्तराला ३० दिवस. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो, त्यामुळे दोन अर्ज कर. पहिल्यात मंजूर पदं, भरलेली पदं आणि प्रत्येक पद कधीपासून रिक्त आहे ते माग. दुसऱ्यात गेल्या तीन वर्षांत महिन्यागणिक किती प्रसूती झाल्या, त्यात सिझेरियन किती आणि किती बायकांना पुढे पाठवलं ते. रुग्णांची नावं मागू नकोस, मिळाली तरी छापू नकोस. रुग्णवाहिकेतल्या बाईचा फोटो पत्रकात टाकलायस तो आजच काढ.

हे आकडे हातात आले की आमदार काय करू शकतो ते लिहिता येईल. रिक्त पदांवर तारांकित प्रश्न लावता येतो, त्याला मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि उपप्रश्न विचारता येतात. तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनात आरोग्य विभागाच्या निधीच्या मागणीवर कपात सूचना देता येते, म्हणजे रक्कम कमी करा असं सुचवून विभागाच्या कारभारावर बोट ठेवता येतं. मंत्री सभागृहात ‘तीन महिन्यांत पद भरू’ म्हणाले की ते आश्वासन ठरतं, आणि त्याचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. बरेच आमदार आश्वासन मिळवून पेपरात बातमी आली की विसरतात. माझ्या मते या कामात आमदाराचं मोल ठरतं ते या शेवटच्या टप्प्यावर.

आता पार्श्वभूमी. लोक ती पदव्या आणि पदांची यादी समजतात. वाचणारा मात्र पाहतो की हा माणूस आधी काय करत होता आणि त्यातून पुढे काय करेल. आर. आर. पाटील १९७९ पासून सांगली जिल्हा परिषदेत होते आणि १९९० मध्ये तासगावातून आमदार झाले. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी ग्रामस्वच्छता अभियान उभं केलं, त्यामागे गावकारभाराची ती अकरा वर्षं होती. मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत गेल्या, १९७२ मध्ये विधानसभेत. गोरेगावच्या नळांसाठी भांडताना त्यांची ‘पाणीवाली बाई’ ही ओळख आधीच पक्की झाली होती. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ पासून ११ वेळा निवडून आले, मधे १९७२ आणि १९९५ मध्ये हरले, पण ना पक्ष बदलला ना मतदारसंघ. दुष्काळी तालुक्याचं पाणी हा विषय त्यांनी कधी सोडला नाही. ही नावं पत्रकात घालू नकोस, तुलनेचा मोह होईल. त्यांच्याकडून मांडणी घे: आधी काम, त्यातून कारण, मग उमेदवारी.

तू उलटं केलंयस. शिक्षण, मग मिळालेले सत्कार, मग नेत्यांबरोबरचे फोटो. शिक्षणाला एक ओळ पुरे. सत्कार पूर्ण काढ. रुग्णवाहिका कधी घेतली, पैसे कसे जमले, हिशेब कोण ठेवतं, महिन्याला साधारण किती फेऱ्या होतात आणि डिझेलचा खर्च कोण भागवतं, हे दहा ओळींत लिही. वर्गणीचा हिशेब तपासलेला नसेल तर आधी तपासून घे. विरोधक पहिला हात तिथेच घालेल.

पत्रकातलं प्रत्येक वाक्य उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्राशी, म्हणजे नमुना २६ शी, जुळलं पाहिजे. त्यात तुझं, पत्नीचं, अवलंबितांचं आणि एकत्र कुटुंबाचं गेल्या पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न, शेतजमिनीचा गट नंबर आणि क्षेत्र, ती वारसाहक्काची की विकत घेतलेली, दागिन्यांचं वजन, कर्ज, उत्पन्नाचा स्रोत, प्रलंबित गुन्हे, शिक्षण, सगळं येतं. पत्रकात ‘सामान्य शेतकरी कुटुंब’ आणि शपथपत्रात दोन फ्लॅट दिसले की कुणीही दोन्ही कागद शेजारी ठेवून फोटो काढतो. फ्लॅट असण्यात गैर काही नाही, ते लपवून ठेवण्यात आहे. रकाना कोरा सोडू नकोस. त्यात दाखवण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिही. निवडणूक अधिकाऱ्यानं लक्षात आणून दिल्यावरही रकाने कोरे राहिले तर अर्ज बाद होऊ शकतो. खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

रस्ता रोकोचा तुझ्यावरचा गुन्हा प्रलंबित आहे. तो स्वतःच पत्रकात लिही, कलम आणि न्यायालयासह. प्रचारकाळात वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीन वेळा तो जाहीर करावा लागणारच आहे. लोकांना आधी तुझ्याकडून कळलेलं बरं.

एक गोष्ट वकिलाला तातडीनं दाखव. भावाबरोबरच्या फर्ममध्ये तू भागीदार आहेस आणि फर्म राज्य सरकारची कामं घेते. काम पूर्ण होऊन फक्त बिल थकलं असेल तर अडचण नसते. काम अजून चालू असेल तर तू अपात्र ठरू शकतोस. उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशीची स्थिती पाहतात, म्हणून भागीदारी सोडायची तर कागदोपत्री आणि वेळेत. शेवटच्या आठवड्यात केलेली धावपळ छाननीत उघडी पडते.

मुलाखतीत निरीक्षक भूलतज्ज्ञाबद्दल बहुधा विचारणारच नाहीत. समाजाची मतं किती, खर्च किती करणार, बूथवर माणसं आहेत का, हे विचारतील. चिडू नकोस, त्यांचं ते कामच आहे. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, त्यात बसणारा अंदाज लिहून ने. मतदारसंघात साडेतीनशेच्या आसपास बूथ असतील. किती बूथवर तुझा माणूस खरोखर आहे ते नावानिशी सांग, आणि नसतील तिथे ‘नाही’ म्हण. जातीच्या प्रश्नावर आकडा माहीत असला तर दे, पण लगेच सांग की रुग्णवाहिका कुठल्या वस्त्यांत गेली. ती सगळ्या वस्त्यांत गेली असेल तर हेच तुझं सर्वांत भक्कम उत्तर.

नवं पत्रक दोन पानांच्या आत बसव. माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकलेस की त्यांची पोच मला पाठव. उत्तर ३० दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील लगेच करायचं, त्याचा मसुदा मी तयार ठेवतो.

तुझा हितचिंतक