एमडी-पीएचडी एकत्र करणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शन करताना वेगळं काय करावं लागतं?

मुख्य म्हणजे, सांधे बदलतानाच्या वेळा, म्हणजे वॉर्डातून लॅबमध्ये आणि लॅबमधून परत वॉर्डात जातानाचे टप्पे, सांभाळावे लागतात. अमेरिकेत (तिथे एमडी ही डॉक्टरकीची मूळ पदवी) १९६४ पासून सरकारी अनुदानावर चाललेल्या अशा अभ्यासक्रमांचा नेहमीचा क्रम म्हणजे साधारण दोन वर्षं वैद्यकशास्त्र, मग तीन-चार किंवा जास्त वर्षं प्रयोगशाळा, मग पुन्हा वॉर्ड. एकूण आठेक वर्षं.

परीक्षांमध्ये कायम पुढे असलेला मुलगा लॅबमध्ये येतो आणि त्याचा एकच वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं ठरावीक प्रथिन ओळखण्याची चाचणी) महिनोन्महिने बिघडत राहतो. हे अपयश त्याच्या ओळखीचंच नसतं. तेव्हा नुसता धीर देऊ नका. शेजारी बसून त्याच्याबरोबर लॅबची वही चाळा, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले नमुने, तपासा.

परतीची वाट मला जास्त अवघड वाटते. प्रबंध पूर्ण केलेली मुलगी वॉर्डात साधी केस मांडताना अडखळते आणि तिच्याच बॅचचे मित्र एव्हाना रेसिडेंट होऊन तिला सूचना देत असतात! म्हणून पीएचडीच्या काळातही आठवड्यातला अर्धा दिवस ओपीडीसाठी राखून ठेवायला लावा. लॅबच्या प्रमुखांशी हे सुरुवातीलाच लेखी ठरवा, नाहीतर पहिली कात्री तिथेच लागते.

एकट्या गाइडवर भिस्त नको. रुग्णही बघणारा आणि संशोधनही करणारा एक तरी माणूस पीएचडीच्या समितीत हवाच.

आणि वॉर्डची तारीख जवळ आली की ‘आणखी एकच प्रयोग’ म्हणून विद्यार्थ्याला अडकवून ठेवू नका. उरलेलं काम लॅबमधल्या दुसऱ्याकडे सोपवा.