वाकळ, गोधडी आणि वल्कल

प्रश्न असा आहे : ‘वाकळ’ हे ‘गोधडी’चेच गावठी नाव आहे काय, हा शब्द ‘वाकणे’ या क्रियापदावरून आला आहे काय, आणि हल्ली दुकानांत ‘डिझायनर गोधडी’ म्हणून जे विकले जाते त्याला वाकळ म्हणता येईल काय?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण तो प्रयोग ऐकून कान किटले आहेत. तिला वाकळ म्हणता येणार नाही आणि गोधडीही म्हणू नये. दोन छापील कापडांच्या मध्ये पॉलिएस्टरच्या तंतूंचा थर घालून त्यावर यंत्राने चौकटी टाके मारले, की जे तयार होते ती रजई, फार तर दुलई. गोधडीच्या पोटात कापूस नसतो, तिथेही कापडच असते, आणि तेही वर्षानुवर्षे धुऊन मऊ पडलेले. अंथरूण, पांघरूण, तान्ह्या बाळाचे दुपटे हे उपयोग सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही.

‘वाकळ’ गावठी आहे, हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत तो रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. इतरत्र त्याच वस्तूला गोधडी म्हणतात, आणि कर्नाटकात गेलात की ती कौदी होते. शिवाय ज्याला गावठी म्हणून बाजूला सारले जाते, त्या शब्दाचे कूळ संस्कृत ‘वल्कल’, म्हणजे झाडाची साल किंवा सालीचे वस्त्र, हे आहे. संस्कृतातील ‘वल्कल’ पालीत आणि प्राकृतात ‘वक्कल’ झाले, आणि जोडाक्षरातील एक व्यंजन गळून आधीचा स्वर दीर्घ होण्याचा मराठीचा जो नियम आहे, त्याने ‘वक्कल’चे ‘वाकळ’ झाले. हाच नियम हस्त-हत्थ-हात, कर्ण-कण्ण-कान या साखळ्यांत दिसतो, आणि अंत्य ‘ल’चा ‘ळ’ होणे हे तर मराठीचे लक्षणच आहे. एकच उदाहरण हवे असेल तर ‘कज्जल’ घ्यावे : जसे कज्जलचे काजळ, तसेच वक्कलचे वाकळ. कापडाच्याच घरातले दुसरे उदाहरण म्हणजे ‘कंबल’पासून आलेले ‘कांबळे’. एवढेच नव्हे, तर नुसत्या ‘वल्क’ म्हणजे साल या शब्दाचाही वंश मराठीत जिवंत आहे, कारण अंबाडीच्या किंवा घायपाताच्या ज्या तंतूंचा दोर वळतात त्याला आपण ‘वाक’ किंवा ‘वाख’ म्हणतो, आणि तो तंतू सालीतून किंवा पातीतून सोलून काढलेला असतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की ‘वल्कल’ पुल्लिंगी-नपुंसकलिंगी आहे आणि वाकळ स्त्रीलिंगी. पण गोधडी, रजई, दुलई, चादर, घोंगडी या सगळ्या स्त्रीलिंगी शब्दांच्या संगतीत राहिलेल्या शब्दाचे लिंग बदलले, तर त्यात नवल ते काय? दुसरा आक्षेप अर्थाचा आहे : कुठे तपोवनातले वल्कल आणि कुठे चिंध्यांची वाकळ! हा आक्षेप घेणाऱ्यांनी ‘शाकुंतला’चा पहिला अंक पुन्हा वाचावा. तिथे वल्कल घट्ट बांधले गेल्याची तक्रार शकुंतला करते, आणि त्या जाड्याभरड्या वस्त्रातही ती सुंदर दिसते असे दुष्यंत म्हणतो. म्हणजे वल्कल हे राजवाड्याच्या दृष्टीने हलके वस्त्रच होते. जाडेभरडे, गरिबाच्या अंगावरचे, थरांचे पांघरूण हा अर्थ तिथून दूर नाही. आणि झाडाची अंतर्साल थराथराने सुटते, तसे वाकळीतही थरावर थर असतात, हा मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. ‘वाकणे’ आणि ‘वाकडा’ यांचा संबंध ‘वक्र’शी आहे; पण टाके वाकडे म्हणून वाकळ, असे सांगणाऱ्यांनी शेवटचा ‘ळ’ कुठून आला याचे उत्तर आधी द्यावे.

गोधडीची फोड ‘गो’ आणि ‘धडी’ अशी करून गाईपर्यंत पोचणारे अभ्यासकही आहेत. हिंदीत गुदड़ी आणि गुजरातीत गोदडी आहे. त्या दोन्हींत ‘ध’ नाही. शेजारच्या भाषा न पाहता केलेली ही फोड टिकत नाही.

आता रंगांविषयी, कारण ‘ठिगळांची रंगीबेरंगी ती वाकळ आणि एकरंगी ती गोधडी’ हा भेद हल्ली फार ठासून सांगितला जातो, आणि तो चुकीचा आहे. दोन्हींचे रंग शिवणारी बाई बाजारातून निवडत नाही, ते आधीच्या पिढीच्या लुगड्यांतून येतात. जेव्हा नऊवारी सुती लुगड्यांचा काळ होता, तेव्हा हिरवा, जांभळा, डाळिंबी आणि काळ्या चंद्रकळेचा काळा हेच रंग वाकळीत उतरत, आणि रुंद काठ कडेला लावला की तिची चौकट तयार होई. सहावारी सुती पातळांबरोबर अबोली, मोतिया, अस्मानी असे फिके रंग आले; पण ते पातळ नेसून विरल्यावरच वाकळीत जाणार, म्हणून वाकळीत ते मागाहून दिसू लागले. वाकळीतील रंग हे नेहमी एक फॅशन मागे असतात.

खरा खंड पडला तो नायलॉन आणि टेरिकॉटने. सुती कापड धुता-धुता विटते, आणि विटलेले हिरवे, जांभळे, लाल एकमेकांच्या जवळ येऊन शेजारी-शेजारी शोभतात. पॉलिएस्टरचा राणी कलर कितीही धुतला तरी तेवढाच भडक राहतो, शेजारच्या विटक्या रंगाला दाबून टाकतो, घाम शोषत नाही, आणि धावदोरा घालताना थर एकमेकांवरून सरकतात. नव्या साड्यांच्या वाकळा म्हणूनच कमी झाल्या, घरात विकतचे ब्लँकेट आले, आणि वस्तूबरोबर शब्दही मागे पडला. आता मातकट, फिक्या रंगांची आवड परत आली आहे, तेव्हा विकणाऱ्यांनी ‘गोधडी’ हा शब्द उचलला. ‘वाकळ’ मात्र कोणी उचलला नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

हाताने शिवलेली, जुन्या कापडाच्या थरांची, धावदोऱ्याची वस्तू असेल तर तिला वाकळ म्हणावे, गोधडी म्हणावे. दोन्ही शुद्ध आहेत. अनेकवचन ‘वाकळा’ असे करावे, आणि ‘वाकळेवर’, ‘वाकळीवर’ यांपैकी आपल्या भागात जे रूढ असेल ते खुशाल वापरावे.