मल्टिलाइनला ‘बहुरेषीय’ म्हणावं का?

धरमपेठेतून एकाने विचारलंय: ऑनलाइन फॉर्मचं मराठीकरण सुरू आहे. पत्ते आणि पिनकोडच्या चौकटीत माणूस चार-पाच ओळी लिहितो, त्या ‘मल्टिलाइन रेग्युलर एक्स्प्रेशन’ने, म्हणजे मजकूर ठरलेल्या आकारात बसतो का हे पाहणाऱ्या चिन्हांच्या सूत्राने, तपासल्या जातात. भाषांतराच्या यंत्राने दिलं ‘बहुरेषीय नियमित अभिव्यक्ती प्रमाणीकरण’. चालेल का?

नाही चालत. रेषा पट्टीने आखतात, लिहितात ती ओळ. ‘नियमित’ म्हणजे रोजच्या रोज, जसा नियमित व्यायाम. इथला ‘रेग्युलर’ मात्र गणितातला आहे. १९५६ साली छापलेल्या लेखात गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी गणिती संचांच्या एका विशिष्ट वर्गाला तो शब्द लावला आणि तो चिकटला. ‘अभिव्यक्ती’ कवितेला ठेवा. शाळेच्या बीजगणितात एक्स्प्रेशनला ‘राशी’ म्हणतात. पण राशी म्हटलं की लोकांना मेष-वृषभच आठवणार. आपसात बोलताना सगळे रेग्युलर एक्स्प्रेशनला थोडक्यात रेजेक्सच म्हणतात, तेच राहू द्या. मराठी शब्द हवाच असेल तर ‘साचा’. ‘नमुना’ मी मुद्दाम टाळतो, कारण सरकारी कागदांत नमुना म्हणजे फॉर्मच, उदाहरणार्थ ८-अ.

आता ‘ओळ’. हा शब्द नागपूरकरांना वेगळा समजावायची गरज नाही. चितारओळ, इतवारी बाजारातली किराणा ओळ, लोहा ओळ. ओळीला स्वतःचं तोंड आणि शेवट असतो, आणि अशा कित्येक ओळी मिळून इतवारी होते. रेजेक्समधल्या ^ (सुरुवात) आणि $ (शेवट) या चिन्हांचा घोळ नेमका इथेच आहे. साध्या रीतीत ती अख्ख्या मजकुराची टोकं धरतात, म्हणजे इतवारीच्या वेशी. मल्टिलाइन ही सोय चालू केली की प्रत्येक ओळीची. (रुबी या प्रोग्रामिंगच्या भाषेत ती कायमच ओळीची असतात.) म्हणून मदतीच्या मजकुरात नुसतं ‘सुरुवात’ लिहू नका, ‘ओळीची सुरुवात’ की ‘मजकुराची सुरुवात’, ते स्पष्ट लिहा.

समजा ओळीला एक पिनकोड हवा आहे आणि साचा आहे ^, सहा अंक, $. चौकटीत आलं:

४४०००१
सीताबर्डी
४४००१०

मल्टिलाइन चालू असेल तर पहिली ओळ साच्यात बसते आणि तपासणी ‘सापडलं’ म्हणून मोकळी होते. मधली सीताबर्डी कोणी पाहतच नाही. किराणा ओळीतलं एक दुकान उघडं दिसलं म्हणून अख्खी इतवारी उघडी म्हणायचं, तसं. यावर साधा इलाज: मजकूर आधी ओळींत तोडा आणि एकेक ओळ पूर्ण तपासा. चूक कितव्या ओळीत आहे, हेही त्यातच कळतं.

तोडतानाही एक खोच आहे. ब्राउझर फॉर्म पाठवतो तेव्हा एका एंटरची दोन अक्षरं होतात, कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परत या) आणि लाइन फीड (पुढच्या ओळीवर जा). टाइपरायटरची मागे राहिलेली सवय. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं $ लाइन फीडच्या आधी थांबतं, पण कॅरेज रिटर्न त्याला ओळीचाच भाग वाटतो. माझी एक अख्खी दुपार यात गेली: सगळे पिनकोड बरोबर, तरी शेवटची ओळ तेवढी पास, वरच्या सगळ्या नापास. पोरगा शेजारून म्हणाला, ‘बाबा, काऊन डोकं धरून बसले?’ दिसत नाही अशा अक्षराची तक्रार तरी कोणाकडे करणार!

राहिलं ‘प्रमाणीकरण’. त्यातून दाखला मिळाल्याचा वास येतो. आपल्याकडे रुळलेला शब्द आहे ‘पडताळणी’, जात पडताळणीतला. आणि लाल अक्षरांतलं ते ‘अवैध इनपुट’ काढाच. अवैध दारू असते, अवैध रेती असते. पिनकोडचा एक अंक चुकलेला माणूस काही गुन्हेगार नाही. तिथे लिहा: ‘दुसरी ओळ पाहा. पिनकोड सहा अंकी हवा.’