गोचिडीच्या लाळग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात?

अगदी द्राक्षांच्या घडासारख्या. आमच्या दोडामार्गात (सिंधुदुर्ग) गायीच्या कानामागे हमखास सापडते, पण अर्धवट फुगलेलीच घ्या. पोट भरून गळून पडलेलीच्या ग्रंथी काही दिवसांत विरतात. मिठाच्या पाण्यात उघडली की दोन्ही बाजूंना पांढरट घड, लाळेच्या नळीला लटकलेले मणी, म्हणजे पेशींचे छोटे पुंजके. कठीण पाठीच्या जातींत मादीला तीन प्रकारचे मणी, नराला चौथाही. पहिला थेट मुख्य नळीला चिकटलेला, आत स्रावाचे कण नाहीत. उपाशीपोटी हवेतला ओलावा ओढायला तोच कामाचा. दुसऱ्या-तिसऱ्यात कणांनी गच्च पेशी: तोंड कातडीत पक्कं रोवणारं सिमेंट त्यांचंच. तिसरा तर रक्तातलं जादा पाणी परत गुरातच सोडतो! आपल्याकडच्या माकडतापाचा (गोचीड चावून माणसाला होणारा क्यासनूर ताप) विषाणूही गोचिडीच्या लाळेतूनच येतो.